पाठमोरा दगड

मी बांधलेल्या घरांतली माणसं अजून मला बाजारात गाठतात. कुणाचा स्लॅब गळत असतो, कुणाच्या मोरीचं पाणी तुंबलेलं असतं. समाधीतल्या गिऱ्हाइकाचं तसं नसतं. एकदा राहायला गेलं की तक्रार म्हणून नाही. तक्रारी असतात त्या नातेवाइकांच्या, आणि त्यातही तमासगिरांच्या नातेवाइकांच्या जरा जास्त, कारण ती माणसं मुळात शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजातच बोलायला शिकलेली.

माझं घर खुटबावच्या अलीकडं. धंदा दगडाचा. वडील पाटे-वरवंटे, उंबरे, देवळाच्या पायऱ्या घडवायचे. मी त्याच्या जोडीला गवंडीकाम शिकलो. आता गुडघ्यांनी संप केल्यामुळे टाकी-हातोडा खुंटीला टांगलाय, म्हणून लिहायला वेळ आहे. नाहीतर आमच्यासारख्यांनी दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे बैलानं मोट सोडून कीर्तनाला बसण्यातला प्रकार.

आमच्या गावापासून पुढं, कॅनॉलच्या अंगाला एक माळ आहे. लोक त्याला कलावंतांचा माळ म्हणतात. पूर्वी तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडला की आठ महिने रस्त्यावरच असायचा. वाटेत कुणी दगावलं तर मोठी पंचाईत. तंबूत टाळ्या वाजवणारी गावंच दुसऱ्या दिवशी आपल्या स्मशानात जागा द्यायला का-कू करायची. असं दोन-तीनदा झाल्यावर एका फडमालकिणीनं हा माळ विकत घेतला आणि आपल्या माणसांना सांगितलं, यापुढं कुणाच्या दारात हात जोडायचे नाहीत. तेव्हापासून भीमेच्या अल्याड-पल्याड, म्हणजे दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांत हिंडणारे कितीतरी कलावंत तिथं मातीत निजलेत. सोंगाडे आहेत, ढोलकीवाले आहेत, शाहीर आहेत. जन्मभर राजाचं काम करून शेवटी रेशनच्या रांगेतही 'राजं, या पुढं' असा मान मिळवणारा एक गडी आहे. वडगाव रासाईकडचे म्हातारे शौकीन अजून नारळ घेऊन येतात. तरणी पोरं रील काढायला येतात. त्यांनाही मी हाकलत नाही. या लोकांना गर्दीची सवय आहे.

आता थोडं धंद्याचं. समाधी दोन तऱ्हेची असते. एक चौथरा, तो थेट माणसाच्या वर येतो. दुसरा उभा दगड, तो उशाशी रोवायचा. माळावर उभ्या दगडाचीच रीत. ज्या बाजूला नाव कोरलेलं असतं, त्या बाजूला माणूस निजलेलं असतं. नावासमोर उभं राहिलं की पायाशी उभं राहिल्यासारखं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

कलावंताचा दगड घडवताना इतर ठिकाणचं शहाणपण उपयोगी पडत नाही, हे मी एका ढोलकीवाल्यापायी शिकलो. त्याच्या घरच्यांना नावाखाली दगडातच ढोलकी कोरून हवी होती. मी जीव ओतून ढोलकी काढली. दोऱ्या, कड्या, उजव्या अंगाला शाईचा काळा गोल, सगळं. वर्षश्राद्धाला अख्खा फड आला. दगडासमोर उभा राहिला आणि कुणी हातच जोडेना. शेवटी त्याची बायको पुढं झाली.

"मिस्त्री, ही दुसऱ्याच कुणाची ढोलकी हाय. आमचं माणूस डावरं व्हतं."

शाई डाव्या हाताला पाहिजे होती! मला वाटलं, एवढंसं काय त्यात. पण त्यांच्या लेखी मी परका माणूस आणून बसवला होता. दुसरा दगड घडवून दिला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले आणि फडातल्या पोरानं तिथंच ढोलकी वाजवली. त्या दिवसापासून मी जन्मतारखेआधी कोणता हात चालायचा ते विचारतो.

दुसरं गिऱ्हाईक गेनू आप्पा. आप्पा म्हणजे एका जमान्यातले नामांकित सोंगाडे. ते नुसते बोर्डावर, म्हणजे तंबूतल्या स्टेजवर, आले तरी लोक हसायला लागायचे. एका दसऱ्याच्या आधी ते माझ्या अंगणात येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, एक दगुड घडवायचाय."

"कुणाचा, आप्पा?"

"माझा."

"अहो, तुम्ही तर चांगले हिंडताय-फिरताय."

"मंग काय मेल्यावर येऊ व्हय सांगाया?"

म्हणाले आणि तिथंच पोतं अंथरून आडवे झाले. मापं घ्या म्हणे. त्यांना दगड किंचित वाकडा रोवून हवा होता. "मी सरळ हुबा ऱ्हायलो तर पब्लिक वळखायची न्हाई." मी म्हणालो, वाकडा दगड रोवला तर लोक तुम्हाला नाही, मला हसतील. शेवटी तडजोड झाली. दगड सरळ, पण वरचा एक कोपरा उतरता, तिरक्या टोपीसारखा. दगड तयार झाला, आणि आप्पा काही मरेनात. दगड माझ्या अंगणात आडवा पडलेला. माझी बायको त्याच्यावर कुरडया वाळत घालते. दर दसऱ्याला आप्पा तपासणीला येतात आणि डाग पडल्याबद्दल तिच्याशी भांडतात. ती म्हणते, घेऊन जावा मग तुमचा दगुड. आप्पा म्हणतात, "जाईन जाईन, एवढी काय घाई हाय!" देवाच्या दयेनं कुरडया अजून तिथंच वाळतात.

एक खंत मात्र आहे. माझ्या उभ्या हयातीत मला एकाही नाचणाऱ्या बाईचा दगड घडवायला मिळाला नाही. वडिलांनी चार बसवले होते, माळाच्या पुढच्या अंगाला, रस्त्याकडेला. माझ्या काळात ढोलकीवाल्याची पोरं अभिमानानं येत, सोंगाड्याची येत. नाचणाऱ्या बाईचं लेकरू येत नसे. त्यात पोरांचा दोष म्हणावा असंही नाही. आईनंच त्यांना शिकवायला लांब ठेवलेलं असायचं आणि बजावलेलं असायचं, की बाबांनो, इकडं फिरकू नका. लोकांनी जिच्यावर फेटे उडवले तिचं नाव दगडावर घालायला कुणी नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

आणि गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद व्हायची वेळ आली. माळाचा पुढचा पट्टा रस्त्यात जाणार. पंचायतीनं निरोप धाडले, तहसीलची परवानगी आली. ज्यांची माणसं पुढच्या पट्ट्यात आहेत त्यांनी ती उचलून मागच्या जागेत न्यावीत. मला बोलावलं. खोदायला नाही, सांगायला. वादक, शाहीर यांच्या घरचे आले. नावासमोर खोदलं की माणूस सापडायचं. नव्या धडप्यात, म्हणजे कोऱ्या कापडात बांधून, मागं नवा खड्डा करून, नारळ फोडून मोकळे. उरले ते बाईमाणसांचे चार दगड. तिघींचं कुणीच आलं नाही. चौथीची मुलगी आली.

ती नंदा. सणसवाडीला एका कारखान्यात लाइन लीडर आहे, हाताखाली पंधरा-वीस बाया. अंगात कंपनीचं जाकीट, पाठीला सॅक, सॅकमध्ये हिरवं नवं लुगडं. तिची आई पारूबाई. पारूबाई फडाच्या सीझनमध्येच गेली, तेव्हा नंदा वसतिगृहात शिकत होती. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आईनं तिला कधी तंबूच्या आसपासही येऊ दिलं नव्हतं. म्हणजे बोर्डावरची आई तिनं पाहिली नव्हती, आणि शेवटची आईही पाहिली नव्हती. तिच्या वाटणीला आली होती ती सुट्टीत येऊन डोकं विंचरून देणारी आई, आणि हा दगड.

"मामा, दोन दिसांची रजा काढलीया," ती म्हणाली. "आईला नीट जागंवर ठिवते आन् जाते."

आम्ही नावासमोर, म्हणजे रस्त्याच्या बाजूला खोदायला घेतलं. कमरेएवढं गेलो. काही नाही. आणखी खाली गेलो. घट्ट मुरूम लागला. दगडमातीत जन्म गेलेल्या माणसाला एक गोष्ट कळते, एकदा उकरलेली माती पुन्हा कधी पहिल्यासारखी बसत नाही. हा मुरूम कुणाचा हात न लागलेला होता. डावीकडं सरकलो, उजवीकडं सरकलो. तोच मुरूम.

रस्त्याच्या कामाचा मुकादम घड्याळ बघत होता. त्याचंही बरोबर होतं, मशीन नुसतं उभं होतं. तो समजुतीनं म्हणाला, "ताई, न्हाई घावत तर मूठभर माती घ्या हिथली. तीच न्या तिकडं. बरेच जण तसंच करत्यात."

नंदा एकदम तापली. "माती कुठलीबी असती ओ. मला माझी आई पायजे."

मग कुणीतरी पुटपुटलं, की पारूबाईला इथं आणलंच नसेल, दुसरीकडंच कुठंतरी उरकलं असेल, इथं नुसता दगड लावला असेल. हळू बोलला, पण ऐकायचं तिनं ऐकलं. इतका वेळ कंपनीतल्यासारखी सगळ्यांना कामं वाटून देणारी ती बाई खड्ड्याच्या कडेला मटकन बसली. "मामा, म्हंजी मी इतकी वर्सं यष्टीतनं जाता-येता मोकळ्या जागंलाच हात जोडत व्हते का?" मला राग आला, तो वडिलांचा. एवढा मोठा कारागीर, आणि रिकाम्या जागेवर दगड रोवला?

पारूबाईला मातीत ठेवताना हजर असलेलं एकच माणूस आता हयात होतं, गेनू आप्पा. त्यांना आधी बोलावलं नव्हतं, कारण त्यांच्या घरचे म्हणत, आप्पांना जेवलेलंही आठवत नाही हल्ली. पण बुडत्याला काडीचा आधार. मी मोटरसायकल काढली आणि त्यांना मागं बसवून घेऊन आलो. वाटेत ते तीनदा विचारत होते, सुपारी कुठल्या गावची हाय.

प्लास्टिकच्या खुर्चीत आप्पांना बसवलं. त्यांनी खड्ड्याकडं पाहिलंच नाही. दगडाकडं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्यो दगुड कुणी वळवला?"

मग गावातल्या मंडळाचा एक जुना कार्यकर्ता पुढं आला. काही वर्षांमागं त्यांनी माळावर साफसफाई केली होती. तेव्हा मी शिरूरकडं एका देवळाच्या कामावर होतो. "ते चारी दगुड उलटं लागल्यालं दिसलं आप्पा," तो म्हणाला. "नाव पार तिकडल्या अंगाला. रस्त्यावनं वाचाया याया पायजे म्हणून आमी सरळ करून बशिवलं. चांगल्या मनानं केलं व्हतं."

"चांगल्या मनानं केलं, पर तमाशा बघितला नव्हता तू कवा." आप्पांना जेवलेलं आठवत नसेल, पण हे आठवत होतं. "आरं, बाई बोर्डावर यायची ती कशी यायची? पाठमोरी! पब्लिककडं पाठ, तोंड ढोलकीवाल्याकडं. पदुर दोन्ही हातानं वर धरून मुजरा करायची. पब्लिकला निस्ती पाठ आन् पाय. लोकं नुसती तळमळायची, कवा वळतीया, कवा वळतीया. आन् मंग ढोलकीच्या तोड्यावर गर्रकन वळली, की फेटं उडायचं, शिट्ट्या पडायच्या. बाईचा दगुड म्हणून पाठमोराच लावायचा. रस्ता म्हंजी पब्लिक. ही रीत हाय आमची. मिस्त्रीच्या बापाला मीच सांगितली व्हती."

म्हणजे पारूबाई दगडाच्या मागच्या अंगाला होती आणि आम्ही पुढं खोदत होतो. मला ही रीत माहीत नव्हती, कारण असा दगड कधी माझ्या हाती आलाच नव्हता, आणि वडिलांनी रोवलेल्या त्या चौघींची नावं कुठल्या अंगाला होती हे मी कधी निरखलंही नव्हतं. वडिलांनी सांगायला तसं निमित्तच पडलं नाही. त्यांच्याबद्दल मनात आलेलं मी तिथल्या तिथं मागं घेतलं.

"आन् आणीक एक," आप्पा म्हणाले. "उजव्या पायातलं चाळ काढून घेतलं व्हतं. ते फडाचं, म्होरल्या पोरीच्या पायात जायाचं. डावं तिच्या पायात ऱ्हायलं. ते बगा."

मागच्या बाजूला कुदळ घातली आणि पहिल्या घावालाच मला कळलं. माती भुसभुशीत. मग कुदळ बाजूला ठेवून खुरप्यानं, हातानं. नंदा स्वतः खड्ड्यात उतरली, जाकीट काढून. कुणी तिला नको म्हणालं नाही. ती पायांकडून उकरत होती. मी वर गुडघ्यांना शिव्या देत बसलो होतो. बराच वेळ नुसता खुरप्याचा आवाज. आणि मग खळ्ळ असं काहीतरी वाजलं.

हिरवट पडलेल्या घुंगरांचा गोळा होता. डाव्या पायाशी. उजव्या पायाशी काही नव्हतं.

नंदानं वर पाहिलं. तोंडभर माती, आणि त्यातून ती हसत होती. "घावली! मामा, आई घावली!" एखादं हरवलेलं पोर जत्रेत सापडावं तशी ती ओरडली. मी तिथं रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. छातीवर ठेवलेली शिळा कुणी उचलून बाजूला करावी तसं झालं. मशीनचा ड्रायव्हर बिहारकडचा होता. त्यानं वरूनच विचारलं, "माताजी मिल गईं?" कुणीतरी हो म्हणाल्यावर त्यानं इंजिन बंद केलं, चपला काढून खाली उतरला आणि नमस्कार करून उभा राहिला. मुकादमानंही घड्याळ बघायचं सोडून सगळ्यांना चहा सांगितला.

बाकीच्या तिघींचं काय करायचं, हा प्रश्न नंदानं कुणाला पडूच दिला नाही. चौफुल्याला माणूस धाडून आणखी तीन लुगडी आणवली. "आईच्या मैतरणीच हायती, त्येंना काय मशीनखाली टाकायचं व्हय?" कुठं खोदायचं ते आता माहीत होतं, त्यामुळं तिघीही सुखरूप निघाल्या. संध्याकाळच्या आत चौघी मागच्या पट्ट्यात शेजारी शेजारी निजल्या. कित्येक वर्षांत मी इतका गाढ झोपलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दगड रोवायचे होते. वडिलांचा मान परत आल्यानं मी जरा फुशारलोच होतो. तिघींचे दगड रीतीप्रमाणे पाठमोरे बसवले, माणसं ज्या वाटेनं येणार तिकडं पाठ करून. चौघींना निजवतानाच तसा हिशोब धरला होता. पारूबाईचा दगड खाचेत सोडला, भोवती माती लोटणार, तेवढ्यात नंदा म्हणाली, "मामा, थांबा. आईचा दगुड हिकडं तोंड करून लावा."

मी आप्पांकडं पाहिलं. ते आज पुन्हा खुर्चीत होते. "रीत न्हाई ती, पोरी," ते म्हणाले.

"आवो आप्पा, तिनं मला कवाच बगू दिलं न्हाई. जित्तेपनी बोर्डावर बगू दिलं न्हाई, मेल्यावर तोंड बगायला घावलं न्हाई. आता तरी पाठ करून का बसावं तिनं माझ्याकडं?" आवाज चढवला नव्हता तिनं, पण सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले.

मी हळूच म्हणालो, दगड वळवला तर नाव एकीकडं आणि आई एकीकडं होईल, पुन्हा आमच्यासारखा घोळ होईल. नंदा म्हणाली, "हू द्या. आता ती कुठं हाय ते मला ठाव हाय."

आप्पा बराच वेळ दगडाकडं बघत बसले. मला वाटलं, विसरले बहुतेक काय चाललंय ते. मग ते म्हणाले, "मुजरा किती येळ चालायचा ठाव हाय का? लई तर ढोलकीवाल्याचा हात दुखंस्तवर. हिनं लईच ताणलाय." आणि माझ्याकडं वळून, बोर्डावर असताना काढत तसा आवाज काढला, "मिस्त्री, वळवा बाईला!"

दोघांनी पहारी लावल्या. दगड खाचेत कुरकुरला, अर्धा फिरला, आणि पारूबाईचं नाव आमच्या समोर आलं. आप्पा खुर्चीचा हात धरून उठले. दोन बोटं तोंडात घातली आणि सगळा जीव एकवटून फुंकले. तोंडात एक दात नाही, नुसती हवा गेली. पुन्हा फुंकले, पुन्हा हवा.

तेवढ्यात आमच्या मागून अशी खणखणीत शिट्टी आली की कॅनॉलवरचे बगळे उडाले. वळून पाहिलं तर नंदा. कारखान्यात मशीनच्या आवाजात हाक पोचत नाही, लाइनच्या दुसऱ्या टोकाच्या बाईला असंच बोलवावं लागतं, हे तिनं नंतर सांगितलं. त्या वेळी ती काही सांगत नव्हती. तिनं जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसले, आईच्या नावाकडं नीट पाहिलं, आणि पुन्हा शिट्टी मारली.